बस येतीय का तिथं?

रविवार, रात्री उशिरा

वहिनीचा प्रश्न दुपारपासून डोक्यातून जात नाहीये. "बस येतीय का तिथं?" एवढंच विचारलं तिनं. सगळे सोलापूरबाहेर, सोरेगावच्या पुढचा प्लॉट बघून आले होते, ले-आउटचा कागद पसरलेला, आप्पा चष्मा लावून गुंठे मोजत होते. दादा मान वर न करता म्हणाला, "बस कशाला? दोन गाड्या आहेत की आपल्याकडं." वहिनी कप उचलून आत गेली. तिला गाडी चालवता येत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

वाईट नक्की कशाचं वाटलं? प्लॉटचं नाही. जमिनीचा वापर आणि वाहतूक, इतकी वर्षं मी हेच करतेय. शहर कुठं पसरतं आणि त्याची किंमत कोण मोजतं, हाच माझा विषय. आणि आपल्याच घराचा निर्णय होताना एकानंही माझ्याकडं वळून पाहिलं नाही. पीएचडी म्हटलं की "कधी संपणार?" एवढंच विचारतात. आई तर... जाऊ दे.

दादाला चूक म्हणावं तर तेही जमत नाही. शहरांतल्या जमिनीचा अभ्यास करणाऱ्या विल्यम अलोन्सोनं १९६४ साली मांडलं तेच तो करतोय. शहराच्या मध्यापासून लांब जावं तशी जमीन स्वस्त होते, आणि माणूस जागेचा भाव नि जाण्यायेण्याचा खर्च यांचा मेळ घालतो. इथं गावात, बाळीवेशीत आपल्याला हातपाय पसरायला जागा नाही, पोरं मोठी होतायत. सगळं शहरच असं बाहेर सरकलंय. १९९२ च्या हद्दवाढीत सोलापूर सुमारे ३३ चौरस किलोमीटरचं १७८ चं झालं. २०११ च्या जनगणनेत माणसं साडेनऊ लाख, म्हणजे चौरस किलोमीटरला जेमतेम पाच हजार तीनशे. हद्दवाढ भागात वस्ती विरळ, म्हणून बसला माणसं मिळत नाहीत, म्हणून फेऱ्या कमी, म्हणून जो तो गाडी घेतो. आणि गाडी आली की आणखी पुढचा प्लॉट परवडायला लागतो.

पण पुन्हा वहिनीवरच येते मी. अलोन्सोच्या हिशोबात घर म्हणजे एकच खिसा. आमच्या घरात मात्र जागेचे पैसे वाचणार दादाचे, आणि अंतर पडणार वहिनीच्या वाट्याला. आज ती पिशवी घेऊन चालत लक्ष्मी मार्केटला जाते. येताना मधल्या मारुतीजवळून अस्तर, हुक, रीळ घेऊन येते. पिको-फॉलची तिची सगळी गिऱ्हाइकं गल्लीतलीच, साडी काखेत मारून येतात आणि संध्याकाळी घेऊन जातात. सोरेगावच्या पुढं कोण येणार फॉल लावायला? वाहतुकीचा अभ्यासक हॅन्सन, त्यानं १९५९ मध्येच सांगितलंय, नुसतं किती वेगानं जाता ते बघू नका, कुठून काय काय गाठता येतं ते मोजा. तसं मोजलं तर दादाचं फारसं काही जाणार नाही. वहिनीचं जवळजवळ सगळंच जाईल.

शहराबाहेर कुंभारीला रे नगर वसाहतीत १९ जानेवारी २०२४ ला पंधरा हजार घरं दिली. असंघटित कामगारांना हक्काचं छप्पर मिळालं, ही मोठीच गोष्ट आहे. पण तिथल्या ज्या बाईचं काम शहराच्या पूर्व भागात आहे, तिचा दिवस आता कसा जात असेल, हे मला पुन्हा पुन्हा वाटत राहतं. माझ्या प्रबंधाच्या तक्त्यांत प्रवासखर्च कुटुंबागणिक आहे. तो माणसागणिक मांडायला हवा, बाईचा वेगळा. सरांशी बोलते. एक चॅप्टर वाढेल, वाढू दे.

जेवणं झाल्यावर दादाच कागद घेऊन आला. "विसार तर दिलाय. ले-आउटमधल्या या दोन प्लॉटांतला कुठला घेऊ, सांग." मघाचा राग कुठं गेला कळलं नाही. मी बोट ठेवलं ते विजापूर रोडलगतच्या प्लॉटवर. म्हटलं, बस आज ना उद्या याच रस्त्यानं जाणार, आतल्या प्लॉटपासून उन्हात एवढं चालत यायचं कुणी? "याचा भाव जास्त आहे गं," तो म्हणाला. वहिनी ओट्यापाशी भांडी पुसत होती. तिथूनच म्हणाली, "जास्त असू दे, तोच घ्या."