बिष्णुपूरच्या तोफेजवळ

नऊ वर्षं टूर मॅनेजर म्हणून फिरतेय, पण पश्चिम बंगालच्या बांकुरा जिल्ह्यातला तो दिवस काही डोक्यातून जात नाही. बावीस जणांचा ग्रुप, बहुतेक रिटायर्ड मंडळी, कोलकात्याहून पहाटे निघून बिष्णुपूरला पोचलो. आधी रासमंच, इथल्या मल्ल घराण्यातल्या राजा वीर हंबीरनं 1600 साली बांधलेला, खाली जांभ्याचा चौथरा, वर पिरॅमिडसारखं छप्पर. रासाच्या उत्सवात गावातल्या देवळांतले देव इथे आणून बसवायचे, 1932 पर्यंत हे चालू होतं. मग 1655 चं जोडबांगला. दोन बंगाली झोपड्या एकमेकींना चिकटवाव्यात तसं देऊळ, सगळं विटांचं, आणि भिंतीवर वीतभर जागा मोकळी नाही, शिकार, होड्या, रामायण, सगळं भाजलेल्या मातीत. आमचे लोक मान वर करून नुसते बघतच राहिले.

मग दलमादल तोफ. बारा फुटांहून लांब लोखंडी धूड. गाइडदादा रंगात येऊन सांगत होते, 1742 मध्ये बर्गी आये थे... आणि एकदम थांबले. "आप लोग तो महाराष्ट्र से हैं ना?"

बर्गी म्हणजे आपला बारगीर, सरकारी घोड्यावरचा स्वार. मी म्हटलं, दादा, सगळं सांगा, काही गाळू नका.

त्यांनी सांगितलं. नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी पाठवलेले भास्कर पंडित, चौथाईसाठी झालेली लूट, जाळलेली गावं, घरदार सोडून पळालेली माणसं. बिष्णुपूरवर चालून आले तेव्हा राजा गोपालसिंह लोकांना घेऊन हरिनाम घेत बसला आणि मदनमोहनानं, म्हणजे राजघराण्याच्या कृष्णदेवानं, स्वतः ही तोफ डागली, अशी इथल्यांची श्रद्धा. बाळाला झोपवताना बर्गीची भीती अजून अंगाईत आहे म्हणाले.

कुणी काही बोलेना. नागपूरचे एक काका, आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेला, हळूच म्हणाले, "मी पोरांना अटक ते कटक छाती फुगवून शिकवलं, ही बाजू मात्र कधी सांगितली नाही गं." एका आजींनी मला विचारायला लावलं, तुम्हाला लहानपणी आमची भीती वाटायची का? दादा हसले, म्हणाले, "बहुत." आजींनी त्यांचा हात धरला तो बसपर्यंत सोडला नाही.

पांचमुड्याचे मातीचे घोडे बघायचे राहिले, कारण दुपारी दशावतार ताश रंगवणाऱ्यांच्या घरी गेलो आणि तिथेच अडकलो. कापडाच्या थरांना चिंचोक्याची खळ लावून केलेले गोल पत्ते, दहा अवतारांचे बारा-बारा, एकूण 120. ग्रुपमधल्या सावंतवाडीच्या काकू ते बघून ओरडल्याच, "अगो, ही तर आमची गंजिफा!" आमच्याकडे पण दहा अवतार, 120 पत्ते, गोलच! मग त्या खाली मांडी घालून बसल्या, कारागीर एक पत्ता टाकायचा आणि बंगालीत नाव घ्यायचा, काकू मालवणीत, मत्स्य, कूर्म, वराह... बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, मी त्याला हातानंच थांब म्हटलं.