साक्षीचा शेवट

मी पाळक आहे त्या चर्चच्या मंडळीत ‘तरुण रविवार’ची उपासना तरुण संघ चालवतो. भजनं तेच निवडतात, शास्त्रपाठ तेच वाचतात, दानाची थैली तेच फिरवतात. साक्ष मात्र, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगणं, आधी माझ्या नजरेखालून जाते. एका वर्षी एका मुलाने वेदीसमोर उभं राहून वीस मिनिटं स्वतःच्या प्रेमभंगाची हकिगत सांगितली होती, तेव्हापासूनचा हा नियम.

त्या वर्षी साक्षीसाठी मी जिला निवडलं ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. आवाज गोड, घराणं जुनं, आजी बायबलबाई, घरोघरी जाऊन बायबल शिकवणारी. सात महिन्यांपूर्वी तिचा भाऊ गेला होता. बावीस वर्षांचा पोरगा, दोन्ही मूत्रपिंडं निकामी. आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी एसटीने नगर गाठायचा. त्याच्यासाठी आम्ही चाळीस दिवस साखळी प्रार्थना केली, कुणी सकाळी, कुणी रात्री दोनला. एकेचाळिसाव्या दिवशी त्याचं दफन मीच केलं. अशा दुःखातून उभी राहिलेली मुलगी बोलली तर तरुणांना आधार वाटेल, असा माझा हिशेब होता. खरं सांगायचं तर तो माझ्या सोयीचाही होता.

तिने दोन पानं लिहून आणली. साक्षीचा एक साचा असतो, तो मंडळीतल्या लहान मुलालाही पाठ असतो. आधी मी कसा होतो, मग संकट आलं, मग प्रभूने हात दिला, हालेलुया. तिची पानं संकटापर्यंत आली आणि तिथेच थांबली. शेवटची ओळ होती, ‘तो गुरुवारी गेला. शुक्रवारी माझी ड्युटी होती.’

मी तांबड्या पेनाने समासात लिहिलं, ‘इथे थांबू नकोस. लाजराचा दाखला घे, योहान ११. शेवट आशेचा कर.’ मार्थेचा मेलेला भाऊ लाजर, त्याला येशू कबरेतून उठवतो, ती ही गोष्ट.

पानं परत घेताना ती एवढंच म्हणाली, “बरं, काका.”

रविवारी ती रात्रपाळी करून थेट आली. हातात कागद नव्हते, मोबाइल होता. पहिल्या बाकावरच्या एका आजोबांच्या कपाळावर तिथेच आठी पडली, मोबाइलवरचं शास्त्र त्यांना शास्त्र वाटत नाही. ती म्हणाली, “पास्टरकाकांनी मला लाजराची गोष्ट जोडायला सांगितली होती. मी ती चारदा वाचली. त्यात भाऊ उठतो. म्हणून मी दुसरं वाचते.”

आणि तिने बायबलमधलं स्तोत्र ८८ वाचलं, अठराच्या अठरा वचनं.

पहिल्याच ओळीत देवाला तारणारा म्हटलंय, तेव्हा मागून कुणीतरी सवयीने “हालेलुया” म्हणालं. नंतर कुणी म्हणालं नाही. ते स्तोत्र वर येतच नाही. बोलणारा रात्रंदिवस हाका मारतो, कबरेत पडलेल्यांना तू चमत्कार दाखवणार का, असं देवालाच विचारतो, तू माझी माणसं माझ्यापासून तोडलीस म्हणतो, आणि संपतं. ती मोबाइल बंद करून जागेवर जाऊन बसली. पेटीवाल्याने पुढच्या भजनाचा सूर धरला आणि सोडून दिला. “आमेन” म्हणणं माझं काम होतं. मी म्हणालो नाही. नम्रतेने वगैरे नाही, तोंडातून शब्दच निघाला नाही.

पाळक होण्यासाठी शिकत होतो तेव्हा सेमिनरीत मला याच स्तोत्रावर प्रश्न आला होता. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्द ‘अंधार’ आहे, हे लिहून मी चांगले गुण घेतले होते. दीडशे स्तोत्रांतला साधारण तिसरा हिस्सा विलापाचा, हेही लिहिलं होतं. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी वळण घेतात. वधस्तंभावर येशूच्या तोंडी आलेलं बाविसावंसुद्धा पुढे स्तुतीकडे वळतं. अठ्ठ्याऐंशीवं वळत नाही. एवढं माहीत असून चौदा वर्षांत मी ते व्यासपीठावरून एकदाही वाचलं नव्हतं. आणि तरुण का टिकत नाहीत म्हणून आमच्या कमिटीने दीड वर्ष ड्रमसेट घ्यावा की टाळ-मृदंग ठेवावा यावर घालवलं होतं!

कमिटीतले निवृत्त गुरुजी दारातच भेटले. “सलाम, पाळकसाहेब. पोरीने भर उपासनेत देवावर फिर्याद केली की हो.”

“फिर्यादच आहे ती, गुरुजी. पण शास्त्रातलीच वाचली तिने.”

“शास्त्रात पुष्कळ असतं,” ते म्हणाले आणि चप्पल शोधायला लागले.

घरी गेल्यावर मला पंडिता रमाबाई आठवत राहिल्या. संडे स्कूलमध्ये मी त्यांची गोष्ट दर वर्षी सांगतो. दुष्काळात आईबाप गेले, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये नवरा, मग १८८३ चा बाप्तिस्मा, मुंबईचं शारदा सदन, केडगावचं मुक्ती मिशन, मूळ भाषांवरून केलेलं मराठी बायबल. मुलं टाळ्या वाजवतात. पण १९२१ मध्ये मनोरमा गेली, एकुलती एक मुलगी, आईच्या कामात बरोबरीने राबलेली. रमाबाई त्यानंतर वर्षभरही जगल्या नाहीत, एप्रिल १९२२ मध्ये त्या वारल्या. हे मी कधी सांगितलं नव्हतं. माझी गोष्ट केडगावला पोचली की संपायची. तांबडं पेन मी फक्त त्या मुलीच्याच पानांवर चालवलं नव्हतं तर.

पुढच्या रविवारी ती आली नाही, ड्युटी होती. त्यानंतरच्या बुधवारी स्टँडवर भेटली. मी माफी मागायची म्हणून वाक्यं जुळवत होतो, तेवढ्यात तिनेच विचारलं, “काका, लाजर नंतर परत मेला असेल ना?”

“असणारच. योहानाच्या बाराव्या अध्यायात त्यालाही मारायचा बेत होतो. तिथून पुढे त्याचा उल्लेख नाही.”

“म्हणजे मार्थेला दुसऱ्यांदा पुरावं लागलं असेल त्याला. किंवा त्याला मार्थेला.”

“हो.”

“तेव्हा तर येशू गावात नव्हता. मग तिने काय केलं?”

“ते शास्त्रात नाही,” मी म्हणालो.

“तेच वाचायचं होतं मला,” ती म्हणाली, आणि तिची नगर गाडी लागली. खिडकीची जागा धरायला ती पळाली.