पैसे आहेत, पण काबूलमध्ये

18 ऑगस्ट 2021, बुधवार. करोनामुळे ऑफिसात आम्ही निम्मेच लोक. फीच्या खिडकीशी एम.कॉम.चा एक अफगाण मुलगा येऊन उभा राहिला. आदल्या रविवारी तालिबानने काबूल घेतलं होतं. तो म्हणाला, "मॅडम, पैसे हैं. पर काबूल में हैं."

तिथल्या बँका बंद. वेस्टर्न युनियनने व्यवहार थांबवलेले. पुढे बँका उघडल्या तरी आठवड्याला 200 डॉलरच काढता येत. वडील सरकारी शाळेत शिक्षक, त्यांचा पगार थकलेला. इथे स्टुडंट व्हिसावर नोकरी करता येत नाही. आयसीसीआरची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांसाठीची भारत सरकारची, शिष्यवृत्ती असलेल्यांना दरमहा काहीतरी मिळत होतं. हा स्वखर्चाने शिकणारा, आणि परदेशी म्हणून फी आपल्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त.

साहेबांना वाईट वाटलं, मनापासून वाटलं. म्हणाले, सवलतीचा अर्ज द्या. अर्जाला जोडायचं काय, तर पालकांचा उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट. तो छापील अर्ज मीच त्याच्या हातात दिला. ज्याच्या देशातलं सरकारच तीन दिवसांपूर्वी कोसळलं, त्याला मी सरकारी शिक्का आणायला सांगत होते. आजही आठवलं की पोटात कालवतं.

महिन्याभराने मुदत वाढली, रक्कम तेवढीच राहिली. थकबाकी म्हणून बोनाफाईड मिळेना, आणि बोनाफाईड नाही म्हणून व्हिसा वाढवायचा अर्ज अडला. त्या काळात त्याला जगवलं ते मेसच्या काकूंनी. वहीत नाव लिहीत राहिल्या, पैसे मागितले नाहीत. घरमालकांनी डिपॉझिटमधून भाडं वळतं करून घेतलं. आम्ही ऑफिसातल्या सात जणांनी दोन-दोन हजार काढले. ते 14 हजार दोन दिवसांत जमले, आणि त्यासाठी त्याला एकही कागद आणावा लागला नाही.

एप्रिल 2023 मध्ये खार्टूममध्ये लढाई पेटली आणि त्याच खिडकीशी सुदानची एक मुलगी आली. मी तो अर्ज काढलाच नाही. थेट साहेबांकडे गेले. दाखल्याऐवजी तिचं स्वतःचं लेखी निवेदन आणि विभागप्रमुखांची सही चालवून घ्या, आणि बोनाफाईड थकबाकीशी बांधू नका, एवढंच मागितलं. साहेब थोडे घुटमळले, मग सही केली. तिचं बोनाफाईड त्याच आठवड्यात निघालं. फीचे हप्ते तिने पुढे वर्षभर फेडले.

आता मी निवृत्त आहे. जानेवारीत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे, तिथे कायमस्वरूपी निधीची मागणी मांडणार आहे. मेस आणि खोलीभाड्यापुरते 15 हजार तीन दिवसांत हातात पडावेत, फीचं नंतर बघू. पालकांचा एकही कागद मागायचा नाही. अर्जाचा नमुना अर्ध्या पानाचा केलाय. माझ्याकडून पहिले 15 हजार वेगळे काढून ठेवलेत.