लढाई कित्याक?

आमच्या वेळी शाळेच्या स्नेहसंमेलनात दशावतार, म्हणजे आमच्या कोकणातलं लोकनाट्य, व्हायचा आणि तो बसवायचे मराठीचे सर. हातात संहिता नसे. दशावतारात ती नसतेच. आख्यान आणि भूमिका ठरतात, संवाद रंगमंचावर उभं राहून सुचावे लागतात. पाठांतर नाही म्हणून आम्ही खूश, पण सर महाभारतातली सगळी कथा वाचून यायला लावत.

एकदा बभ्रुवाहनाचं आख्यान होतं. तालमीत बभ्रुवाहन झालेल्या मुलाने पखवाजाच्या ठेक्यावर तलवार अशी काही फिरवली की सगळ्या वर्गांतून टाळ्या. मग तो फिरवतच राहिला. सरांनी पेटी थांबवली. "टाळी पडली, बरा झाला. पण लढाई कित्याक, ता सांगलंस काय?" म्हणजे लढाई कशासाठी, ते सांगितलंस का?

खरी गोम तिथेच होती. बभ्रुवाहन हा अर्जुनाचाच मुलगा. तो बापाला आदराने सामोरा येतो आणि अर्जुन त्यालाच हिणवतो, क्षत्रिय असून लढत नाहीस म्हणून. बाप-लेकातला हा वाद रंगला नाही तर तलवारीला अर्थ काय?

सर सोवळे मात्र मुळीच नव्हते. पूर्वरंगातला, म्हणजे आख्यानाआधीच्या भागातला, विनोदी राक्षस संकासूर मालवणीत गावच्या सरपंचापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना चिमटे काढायचा, तेव्हा सर्वांत मोठ्याने हसणारे तेच. लोकांना हसवणं या कलेच्या रक्तातच आहे, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. सिनेमातलं गाणं घाला, असा आग्रह गावातून झाला तेव्हा मात्र ते ढिम्म हलले नाहीत.

आता जत्रांमधून ट्रिकसीनचे प्रयोग होतात. धूर, रंगीत दिवे, वरून उतरणारा नाग. मला त्यात पाप वाटत नाही. रात्रभर जागून पोट भरणाऱ्या मंडळांना गर्दी हवीच, आणि मुंबईहून सुट्टी काढून जाणाऱ्या माझ्यासारख्याने त्यांना उपदेश करणं शोभतही नाही. तरीही नाग उतरायला जो वेळ लागतो, तो जातो राजपार्टीच्या आणि स्त्रीपार्टीच्या, म्हणजे राजाची आणि स्त्रीची भूमिका करणाऱ्या नटांच्या, संवादांतून. नटाचं वाचन, हजरजबाबीपणा, गळा, सगळं तिथेच कसाला लागतं. धुराला वाचन लागत नाही.

आता शाळेच्या महोत्सवाच्या कार्यक्रमात आम्हा माजी विद्यार्थ्यांच्या दशावताराला वीस मिनिटं दिली आहेत. एवढ्यात आमचा संकासूरसुद्धा आटपायचा नाही. समितीकडे दीड तास मागितला आहे. भाषणं थोडी कमी करा, असंही कळवलंय. उत्तर अजून नाही.