कोण बघतंय बे?

"कोण बघतंय बे?" आज सकाळी नान्नजजवळ मित्राच्या बांधावर शेजारचा पोरगा सहज बोलून गेला. हातात गाडीच्या क्लच वायरचा फासा, त्याला काळविटाचे दोन-चार केस चिकटलेले.

हरणांनी ज्वारीचा कोंब ठेवला नाही, त्याचा राग खोटा नाहीच, रात्रभर राखण करून डोळे लाल झालते त्याचे. पण १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद आहे, आणि फाशात मादी अडकली का पाडस ते वायरीला कळतंय का, तडफडत राहतं ओ ते जनावर. पंचनामा करून नुकसानभरपाई माग म्हटलं, वनखात्याचा १९२६ नंबर पण दिला.

त्यानं वायर गुंडाळून खिशात ठेवली. फेकली नाही.

तेच डोक्यात बसलंय. उद्या परत जाऊन मागून घेऊ का ती वायर?