जुन्या गाडीचा एसी: आधी गळती, मग गॅस

अकोल्यात मे महिन्यात पारा 44-45 ला टेकतो. आमची गाडी सात सीटची, डिझेलची, 2012 सालची. मागच्या सीटवर आईबाबांना बसवून भरदुपारी दवाखान्यात न्यायचं असलं की एसी ही चैन राहत नाही. दर एप्रिलमध्ये गॅस भरायचा, महिनाभर गारवा, मग पुन्हा गरम वाफा, असं काही वर्षं चाललं होतं. कुठल्याही गॅरेजमध्ये गेलो की पहिला प्रश्न ठरलेला: "गॅस टाकून देऊ?"

यंदा जो मेकॅनिक भेटला त्याने उलट मलाच विचारलं, "चालत्या गाडीत थंड करते की उभ्या गाडीतही?" हायवेवर बऱ्यापैकी थंड, सिग्नलला थांबलं की दोन मिनिटांत कोमट, असं मी सांगितलं. त्याने लगेच बंपर खोलायला घेतला. गाडी पळताना कंडेन्सरला, म्हणजे एसीच्या गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या भागाला, समोरून वारा मिळतो. उभी असली की सगळी भिस्त पंख्यावर. आमचा पंखा फिरत होता, पण मोटर थकलेली. शिवाय कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत धूळ आणि कापसाचं तूस यांचा नमदा बसला होता. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, त्यामुळे हे कुणाच्या लक्षातच येत नाही. त्याने आतल्या बाजूने, कमी दाबाच्या पाण्याने तो धुतला. जोराचा फवारा मारला की पातळ पत्रे आडवे होतात आणि वारा जायची वाट बंद होते. पंख्याची मोटर नवी टाकली.

गॅसचं तो एवढंच म्हणाला: "गॅस संपत नसतो भाऊ, निघून जातो." एसीची लाइन बंद असते; तोच गॅस फिरत राहतो. दर उन्हाळ्याला भरावा लागतोय म्हणजे कुठेतरी गळती आहेच. हा आर-134ए वायू कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो. आपण वर्षानुवर्षं पैसे देऊन तो हवेत सोडत होतो, याचं मला खरंच वाईट वाटलं.

लाइनमध्ये दाबाने नायट्रोजन भरून जोडांवर साबणाचा फेस लावला. गाडीच्या पुढच्या भागात काही सापडलं नाही. मग गाडी लिफ्टवर घेतली. मागच्या एसीला जाणारे अॅल्युमिनियमचे पाइप गाडीच्या पोटाखालून जातात. एका क्लॅम्पपाशी तेलकट काळा डाग होता, आणि तिथेच बुडबुडे आले. गॅससोबत कंप्रेसरचं तेलही थोडं थोडं बाहेर येतं आणि त्यावर धूळ चिकटते. दोन एसीवाली गाडी असेल तर हे पाइप जरूर तपासून घ्या. तेवढा तुकडा बदलला, ओ-रिंग नव्या घातल्या, लाइन उघडलीच होती म्हणून ड्रायरही (गॅसमधली ओल शोषणारी डबी) बदलला.

नंतर व्हॅक्यूम. घाईच्या गॅरेजात हेच उरकलं जातं. इथे पंप पाऊण तास चालला. आतली हवा निघतेच, पण इतक्या कमी दाबाला पाण्याची वाफ होऊन ओलही निघून जाते. ती राहिली तर एक्सपान्शन व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे गॅस ज्या बारीक छिद्रातून जाऊन थंड होतो तिथे, गोठून वाट अडवते. पंप बंद करून दाबाच्या मीटरचा काटा हलत नाही ना, ते मी शेजारी उभा राहून पाहिलं. गॅस बॉनेटखालच्या स्टिकरवरच्या वजनाप्रमाणे, वजनकाट्यावर मोजून भरला. अंदाजाने जास्त भरला तरी गारवा कमीच होतो.

जाता जाता त्याने हीटरच्या पाइपला हात लावून पाहिला. व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नव्हता, इंजिनाचं गरम पाणी हीटरमध्ये जात होतं. केबल ओढून घेतली, काम झालं.

सगळा खर्च साडेनऊ हजार. बाहेर 43 असताना आतल्या एसीच्या जाळीत थर्मामीटर ठेवला, चालत्या गाडीत 9 अंश, उभ्या गाडीत 13. मागचा वारा मात्र अजून मंद आहे. तिथलं कूलिंग कॉइल धुवायला छताचं आतलं अस्तर उतरवावं लागणार, ते काम दिवाळीआधी करून घेणार आहे.