संभाजीनगरात आंतरराष्ट्रीय शाळा काढताय? आधी दहावीनंतरचा हिशेब मांडा

संभाजीनगरात केंब्रिज किंवा आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) या परदेशी मंडळांची शाळा काढायचा विषय निघाला की बोलणं ऑरिक या औद्योगिक शहरापासून सुरू होतं. शेंद्रा-बिडकीनला कारखाने येतायत, टोयोटा-किर्लोस्करने गुंतवणूक जाहीर केलीय, अधिकारी येणार, त्यांची मुलं येणार. ते खरंच आहे, पण एवढ्या भरवशावर शाळा उभी राहत नाही. आधी बघायचं ते दहावीनंतर किती मुलं टिकतील.

आपल्याकडे डॉक्टर-इंजिनिअर व्हायचं ठरवलेलं मूल अकरावीला लातूर, नांदेड नाहीतर कोटा गाठतं. आयबीच्या डिप्लोमात, म्हणजे त्यांच्या अकरावी-बारावीत, ६ विषय, ४,००० शब्दांपर्यंतचा निबंध, शिवाय टीओके (ज्ञान म्हणजे काय याचा अभ्यास) आणि सीएएस (कला, खेळ, समाजसेवेचे उपक्रम). एवढं सांभाळून एनसीईआरटी पाठ करत नीटचा क्लास करणं फार थोड्यांना झेपतं. भारतीय विद्यापीठ संघ डिप्लोमाला बारावीच्या बरोबरीचं मानतो, त्यामुळे मान्यतेची अडचण नाही. अडचण तारखांची आहे. मे सत्राचा निकाल जुलैच्या सुरुवातीला लागतो, आणि तोवर इथल्या प्रवेशांची घाई सुरू झालेली असते. केंब्रिजचं मात्र भारतासाठी मार्चचं सत्र आहे, त्याचा निकाल मेमध्ये मिळतो. म्हणून माझं मत ठाम आहे: इथे सुरुवात केंब्रिज प्रायमरीने करावी, दरवर्षी एक इयत्ता वाढवावी आणि डिप्लोमाचा निर्णय पहिली तुकडी आठवीत पोचल्यावर घ्यावा.

पालकांचं सर्वेक्षण करताना ‘अशी शाळा आवडेल का?’ हे विचारूच नका, सगळे हो म्हणतात. सध्या फी किती भरता, तीन वर्षांत बदली होईल का, दहावीनंतर मुलाला कुठे पाठवणार, बसमध्ये किती वेळ चालेल, हे विचारा. वाळूजला राहणाऱ्याला शेंद्र्याची शाळा म्हणजे रोज दोनदा अख्खं शहर ओलांडणं, तेही पाच वर्षांच्या पोराला घेऊन.

परवानग्यांचा क्रम चुकवू नका. आधी ट्रस्ट किंवा संस्थेची नोंदणी आणि जागेच्या बिगरशेती (एनए) वापराची पूर्तता, मग २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्याखाली राज्याची परवानगी, मग आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याची मान्यता आणि यूडायस हा शाळेचा सरकारी नोंद क्रमांक. केंब्रिज किंवा आयबी मंडळाकडे चौकशी सोबत चालू ठेवा, पण मान्यतेआधी वर्ग भरवू नका. विनामान्यता शाळेला १ लाखापर्यंत दंड आहे आणि त्यानंतरही चालू ठेवली तर दिवसाला १०,००० पर्यंत. आयबीत उमेदवार शाळा ते अधिकृत शाळा या प्रवासाला साधारण दोन-तीन वर्षं जातात, तोवर फलकावर ‘आयबी वर्ल्ड स्कूल’ लिहिता येत नाही. २०२० च्या कायद्याने मराठी अशा शाळांतही सक्तीची आहे, तेव्हा चांगला मराठी शिक्षक पहिल्याच भरतीत घ्या.

पैशाचं गणित बहुतेक प्रकल्प अहवालांत फसतं. समजा पहिलीत २० जागा आणि फी १,२०,०००. कागदावर २४ लाख दिसतात. पण अल्पसंख्याक संस्था नसेल तर २५ टक्के, म्हणजे ५ जागा आरटीईच्या मोफत प्रवेशाच्या, आणि त्यांची प्रतिपूर्ती सरकारच्या दरविद्यार्थी खर्चाइतकी किंवा तुमच्या फीइतकी, यात जे कमी असेल ते. तीही रखडते. म्हणजे भरवशाची फी १५ मुलांची, १८ लाख. त्यात फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने मंजूर केली की दोन शैक्षणिक वर्षं बदलता येत नाही, आणि मंडळाची वार्षिक वर्गणी मात्र परकी चलनात. रुपया घसरला की फरक तुमच्या खिशातून. शालेय शिक्षणावर जीएसटी नाही, म्हणून बांधकामावर आणि संगणकांवर भरलेला कर परतही मिळत नाही.

पाण्याचा हिशेब तर अहवालात नसतोच. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार दिवसाच्या शाळेला माणशी ४५ लिटर लागतं. ४०० जणांचे रोज १८,००० लिटर. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येत असेल तर ९०,००० लिटरची टाकी बांधा, नाहीतर १०,००० लिटरचे रोज जवळजवळ दोन टँकर घ्या. जायकवाडी भरलेलं असलं तरी आपल्या नळाला कधी येईल ते आपल्या हातात नसतं.

परीक्षा केंद्राची तयारी इमारतीच्या नकाशातच हवी. प्रश्नपत्रिकांसाठी कुलूपबंद सुरक्षित खोली, दोन परीक्षार्थींमध्ये १.२५ मीटर अंतर, ३० मुलांमागे एक पर्यवेक्षक. ऐकण्याच्या पेपरला वीज गेली तर तो पेपर तिथेच बिघडतो, म्हणून त्या हॉलला जनरेटरची स्वतंत्र लाइन ठेवा. आयजीसीएसई या केंब्रिजच्या दहावीच्या परीक्षेत विज्ञानाला प्रत्यक्ष प्रयोगाची परीक्षा किंवा त्याऐवजी लेखी पेपर निवडता येतो. प्रयोगशाळेचा खर्च वाचवायला बऱ्याच शाळा लेखी घेतात. मला ते पटत नाही, कारण ज्या मुलाने टायट्रेशन (थेंब थेंब द्रावण घालून मोजायचा रसायनाचा प्रयोग) हाताने केलेलं नाही त्याला त्या लेखी पेपरातलं ब्युरेटचं, म्हणजे त्या मोजनळीचं, वाचनही नीट जमत नाही.

शिक्षक पुण्या-मुंबईहून आणण्यापेक्षा इथले बीएड झालेले निवडा आणि शाळा उघडण्याआधी सहा महिने पगारावर घेऊन तयार करा. तो पगार भांडवली खर्चातच धरा.